सुटा केलेला ट्रक ठेवणार कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका तरुण शिक्षकांच्या आजोबांचा 1967 चा टाटा-मर्सिडीज 1210 ट्रक 22 वर्षं चिंचेखाली उभा आहे. घरामागे 50 बाय 60 फुटांची मोकळी जागा आहे, वर्कशॉपसाठी 5 लाख रुपये बाजूला काढलेत, आणि हाताशी शनिवार-रविवार आहेत. ट्रक घरीच, स्वतःच्या हातानं पुन्हा उभा करायचा आहे. त्यांनी हत्यारांची लांबलचक यादी पाठवून विचारलंय की यातलं आधी काय घेऊ, आणि शेडमध्ये पिट, म्हणजे गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा, खणू का?

सर, ती यादी सध्या घडी घालून ठेवा. हत्यारं सगळ्यात शेवटी घ्यायची. त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर हवं: सुटा केलेला ट्रक ठेवणार कुठे?

उभा ट्रक साधारण 8 फूट रुंद आणि 22-23 फूट लांब जागेत मावतो. तोच सोडला की हौदा वेगळा, केबिन वेगळी, इंजिन, गिअरबॉक्स, पुढचा ॲक्सल, मागच्या ॲक्सलचं हौसिंग, सहा चाकं आणि स्टेपनी, पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) चार जुडगे, रेडिएटर, डिझेलची टाकी, प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा), आणि खोक्याखोक्यांनी नट-बोल्ट. एवढ्याला उभ्या ट्रकच्या तिप्पट जागा लागते आणि ती दोन-तीन वर्षं अडून राहते. माझं पहिलं मोठं काम एका फार्गो ट्रकचं होतं, 30 बाय 18 च्या शेडमध्ये. गिअरबॉक्स आत मावला नाही म्हणून ताडपत्रीखाली बाहेर ठेवला. एक पावसाळा गेला आणि आतल्या बेअरिंगा, शाफ्ट गंजून गेले. चांगला गिअरबॉक्स मी जागेचा हिशोब चुकल्यामुळे घालवला. ते अजून मनाला लागतं.

म्हणून तुमच्या जागेत 40 बाय 26 ची शेड बांधा, बाजूची उंची 14 फूट. मधल्या पट्ट्यात चासी. एका लांब भिंतीला रॅक, दुसऱ्या भिंतीला इंजिनाचं टेबल आणि बेंच. उरलेल्या जागेत शेडला लागून उतरतं पाखं काढा. लाकडी हौदा आणि फाळके त्याखाली दगडांवर उचलून ठेवता येतील. मोठं दार पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला नको, आपल्याकडचा पाऊस तिकडूनच झोडपतो. छताला दर तिसऱ्या-चौथ्या पत्र्यामागे एक फायबरचा पारदर्शक पत्रा घ्या, म्हणजे दिवसा दिवा लागणार नाही. आणि तुमच्या भागात ऊस गेल्यावर शेजारी पाचट पेटवतात. बांधापासून शेड जमेल तेवढी आत घ्या. तेल-डिझेलच्या जागेला ठिणगी पुरते.

5 लाखांतले साडेतीन-चार लाख शेड आणि जमिनीतच जातील. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पाने वर्षभर एकेक करून घेता येतात, काँक्रीट पुन्हा ओतता येत नाही.

जमिनीबद्दल जरा जास्त बोलतो, कारण घरच्या वर्कशॉपमध्ये सगळ्यात जास्त हयगय तिथेच होते. खाली मुरूम असेल तर काम सोपं. काळी माती असेल तर दोन-अडीच फूट काढून टाका आणि मुरूम भरा, प्रत्येक 6 इंचांच्या थराला पाणी मारून धुम्मस करून घ्या. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, वरचा कोबा कितीही जाड असला तरी उचलला जातो. त्यावर 6 इंच जाडीचं एम-20 काँक्रीट, 8 मिलिमीटरच्या सळ्यांची 8 इंचांवर जाळी. दर 12-13 फुटांवर सांधा कापून घ्या. किमान 14 दिवस पाणी धरा आणि 28 दिवस जड काही ठेवू नका.

इथेच गवंड्याला एक गोष्ट बजावून सांगायची. सवयीनं तो सगळ्या जमिनीला उतार देईल. मधला 28 बाय 10 फुटांचा पट्टा मात्र एकदम सपाट हवा, पाण्याच्या नळीनं चारही कोपरे तपासून. धुण्याचं पाणी जायला उतार कडेच्या पट्ट्यांत द्या.

या सपाटीवरच तुमचा ट्रक सरळ चालणार की तिरका, हे ठरणार आहे. चासी उघडी झाली की ती चार स्टँडवर ठेवायची आणि नळीनं लेव्हल करायची. मग पाट्यांच्या ब्रॅकेटची भोकं, क्रॉस मेंबरचे सांधे, अशा डाव्या-उजव्या जोडीच्या जागांवरून ओळंबा सोडायचा आणि खाली जमिनीवर बारीक खूण करायची. पाच-सहा जोड्या झाल्या की चासी बाजूला सरकवा. आता चासीचा नकाशा जमिनीवर आहे. मधोमध सूत धरा, खडू मारा आणि टेपनं कर्ण मोजा. दोन कर्णांत 5 मिलिमीटरपर्यंत फरक असेल तर मी पुढे जातो. एका ट्रकात मला मागच्या बाजूला 14 मिलिमीटर मिळाला होता; वर्षानुवर्षं बेसुमार ऊस वाहिलेला होता तो. डोळ्यांना चासी सरळ दिसत होती. तसंच जोडलं असतं तर नवे टायर पहिल्या दोन-तीन हजार किलोमीटरमध्ये एका अंगानं खाल्ले गेले असते आणि आपण स्टिअरिंगला दोष देत बसलो असतो. जमीनच वाकडी असेल तर हे मोजमाप करता येत नाही.

पिट नको. पावसाळ्यात त्यात पाणी झिरपतं आणि डास, साप दोन्ही येतात. त्याहून मोठं कारण म्हणजे पेट्रोल, थिनर यांची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खड्ड्यात उतरून साचते, वर उभ्या माणसाला वास येईलच असं नाही, आणि ग्राइंडरच्या एका ठिणगीनं पेट घेते. रोज वीस गाड्यांचं ऑइल बदलणाऱ्याला पिट लागतो. तुम्हाला एकच ट्रक सोडायचा आहे. तो उंच स्टँडवर घ्या आणि खाली फळीवर झोपून काम करा. 5-5 टनी चार स्टँड आणि जुन्या लाकडी स्लीपरचे तुकडे घ्या. जॅकनं उचललं की लगेच स्टँड लावायचा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, एक मिनिटासाठीही नाही.

आता उचलण्याचं. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून अर्ध्या टनाच्या वर वजन आहे. रेडिएटर आणि तोंडावरची जाळी काढली की ते पुढून बाहेर येतं. त्यासाठी शेडच्या छताच्या कैचीला (ट्रसला) चेन कुप्पी, म्हणजे साखळीनं वजन उचलायची कप्पी, लटकवायची नाही. कैची पत्र्याचं आणि वाऱ्याचं वजन पेलायला केलेली असते, मधोमध अर्धा टन लोंबकळायला नाही. स्वतंत्र गॅन्ट्री करून घ्या: दोन बाजूंना त्रिकोणी पाय, वर 200 मिलिमीटर उंचीचा आय-बीम, पायांमधलं अंतर 4 मीटर, बीमखाली साडेअकरा फूट. त्यावर ट्रॉली आणि 2 टनी चेन कुप्पी. वेल्डिंग पक्क्या माणसाकडून करून घ्या आणि आकडे एकदा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. वापरण्याआधी सव्वा टन वजन अडकवून जमिनीपासून वीतभर उंच तासभर लटकत ठेवा आणि सगळे सांधे बघा. चाकं लावलीत तर रिकामी गॅन्ट्री हलवायची. वजन टांगलेलं असताना हलवणं भाग पडलं तर ते जमिनीला जवळजवळ टेकलेलं हवं.

रॅक आणि खुणा. रॅक लोखंडी अँगलचे, जड वस्तू कंबरेच्या खाली. कागदी चिठ्ठ्या डिझेलमध्ये भिजून फाटतात आणि मार्करची शाई उडते. पत्र्याच्या छोट्या चकत्या कापा, आकडे पंचानं ठोका आणि तारेनं भागाला बांधा. आकड्याचा अर्थ वहीत लिहा: कुठून काढला, कोणत्या दिशेनं होता, मागे किती वायसर होते. बोल्ट शक्यतो ज्या भोकातून काढला त्याच भोकात हातानं परत फिरवून ठेवा. मोबाइलवर फोटो काढाच, पण फोटोत वायसरची जाडी दिसत नाही. तुम्ही शिक्षक आहात, वही नीट राहील याची मला खात्री आहे. दोन वर्षांनी जोडणी करताना ती वहीच खरी उपयोगाची ठरते.

वीज: शेतीपंपाच्या कनेक्शनवर हे काम करू नका. तो कायद्यानं अनधिकृत वापर ठरतो, आणि तिथला दाबही भरवशाचा नसतो. घराच्या कनेक्शनचा भार वाढवून घ्या किंवा वेगळं कनेक्शन मागा. 200 अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन सिंगल फेजवर चालतं आणि घरच्या कामाला पुरतं. शेडला स्वतःचं अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरच्या गळतीवर तुटणारा ब्रेकर हवाच. ओल्या जमिनीवर, घामेजल्या हातानं ग्राइंडर धरायचा आहे.

कॉम्प्रेसर 3 एचपीचा, 150-200 लिटर टाकीचा घ्या. हवेची लाइन जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपची करा. प्लॅस्टिकचा पाण्याचा पाइप दाबाखाली फुटला की त्याचे तुकडे अंगात घुसतात. टाकीचं पाणी रोज सोडा.

आता पाने घ्यायचे. पण आधी गाडी कुठल्या मापाची आहे ते कळायला हवं. टाटांची टेल्को कंपनी आणि मर्सिडीज बनवणारी जर्मन डायमलर-बेंझ यांचा करार 1954 ते 1969 असा होता, तुमच्या ट्रकच्या जाळीवर मर्सिडीजचा तो तीन टोकांचा तारा असेल. या गाडीची मापं जर्मन, म्हणजे मेट्रिक: 10 मिलिमीटरच्या बोल्टला 17 चा पाना, 12 ला 19, 14 ला 22, 18 ला 27. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातला डॉज किंवा फार्गो असता तर पाने इंचातले लागले असते आणि आटेही वेगळे. बावीस वर्षांआधी कुणीतरी रस्त्यात मिळेल तो बोल्ट ठोकून बसवलेला असतो, म्हणून आटे मोजायची पट्टी (थ्रेड गेज) खिशात ठेवा आणि प्रत्येक संशयास्पद बोल्टला लावून बघा. एक चांगला रिंग पान्यांचा सेट, पाऊण इंच ड्राइव्हचा गोटी (सॉकेट) सेट, लांब टॉमी, टॉर्क पाना, 6 इंची बेंच व्हाइस, ग्राइंडर, छिन्न्या, कानशी, तांब्याचा हातोडा. सुरुवात एवढ्यावर होते. इम्पॅक्ट गन नंतर घ्या. गंजलेला बोल्ट हाताला कळतो, गन त्याला तोडते. आधी रात्रभर तेल मुरू द्या, मग गॅसवर नट गरम करा, मग पाना लावा.

मशीनचं काम घरी करायचा मोह टाळा. क्रँक ग्राइंडिंग, लायनर बोअरिंग, हेड फेसिंग, ब्रेक ड्रम टर्निंग यांसाठी कोल्हापूरचं उद्यमनगर तुम्हाला दिवसभरात जाऊन येण्यासारखं आहे. डिझेल पंप आणि नोजल टेस्ट बेंच असलेल्या दुकानातच द्या. इंजिन बघताना ब्लॉक नीट तपासा. अनेक जुन्या गाड्यांत नंतर टाटाचं 692 किंवा 697 इंजिन बसवलेलं असतं. पहिला आकडा सिलिंडरचा, पुढचे दोन बोअरचे मिलिमीटर. पिस्टन-लायनर मागवण्याआधी हे माहीत हवं.

ज्यानं जीव जातो अशा गोष्टी आता सांगतो, सावकाश वाचा. तुमच्या ट्रकची चाकं 9.00-20 ची, लॉक रिंगची (टायर रिमवर अडकवून धरणाऱ्या लोखंडी कड्याची) असतील. गंजलेली लॉक रिंग हवा भरताना सुटली तर समोरच्या माणसाला मारून टाकते. चाकाचे नट सैल करण्याआधीच व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडा, मागच्या जोडचाकांतल्या दोन्ही टायरांची. टायर रिमवरून काढायचं आणि भरायचं काम पिंजरा असलेल्या दुकानात द्या. रिमला चीर असेल किंवा रिंग वाकलेली असेल तर ती भंगारात. नट फिरवताना हेही बघा, जुन्या अनेक ट्रकांना डाव्या बाजूला उलटे आटे असतात. न बघता जोर लावला तर स्टड तुटतो.

पाट्यांचा जुडगा सोडताना मधला बोल्ट काढण्याआधी दोन्ही बाजूंना सी-क्लॅम्प आवळा, नाहीतर पाटे उसळतात. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ड्रम उघडला की हवेनं उडवायचं नाही. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधा, तोंडाला चांगला मास्क. डिझेलची टाकी रिकामी दिसली तरी तिला वेल्डिंग लावायचं नाही, ते काम रेडिएटर-टाकीवाल्याकडे. सहा किलोचे दोन अग्निशामक दारापाशी ठेवा, आत कोपऱ्यात नको. तेलकट चिंध्या झाकणाच्या लोखंडी डब्यात.

सुतारकामाचा कोपरा मात्र यादीत नव्हता. त्या काळी आपल्याकडे बरेच ट्रक पुढचा तोंडवळा लावलेली चासी म्हणून विकले जात. केबिन आणि हौदा बॉडी बांधणारे सुतार-लोहार मिळून गावातच उभे करत. तुमच्या ट्रकची केबिनही बहुधा लाकडी सांगाड्यावर पत्रा मारलेली आहे. ती सोडताना प्रत्येक कुजलेला तुकडाही जपा. नवा तुकडा कापायला सुताराला तोच नमुना लागतो. केबिनच्या कपाळावर, फाळक्यांवर रंगाखाली जुनी अक्षरं असतील तर घासण्याआधी त्यांचा ट्रेसिंग पेपरवर ठसा घ्या. आजोबांनी कोणत्या पेंटरकडून ती लिहून घेतली, घरात कुणाला आठवत असेल तर आजच विचारा. जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. पाणी वापरा.

कामाचं वर्ष पावसावर बेतायचं. चासी वाळूनं ब्लास्ट करून घ्यायची ती दिवाळीनंतर, बाहेर देऊन, आणि प्रायमर त्याच दिवशी मारायचा. ओल्या हवेत उघड्या लोखंडावर काही तासांत तांबूस थर येतो आणि रंग त्याच्यावर बसतो, लोखंडावर नाही. लांबी (पुट्टी) भरणं, रंगकामही मार्चपर्यंत आटपा. जून ते सप्टेंबर इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग, जे बेंचवर बसून होतं ते.

कागदांचं. 2021 साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत 50 वर्षांहून जुन्या वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीची तरतूद आली, पण ती दुचाकी आणि खासगी प्रवासी चारचाकींसाठी आहे. ट्रक मालवाहू गटात येतो. तेव्हा त्या नोंदणीवर भरवसा ठेवून पैसे गुंतवू नका. आरसी पुस्तक घेऊन आधी आरटीओत जा आणि गाडीची आजची स्थिती लेखी विचारा. चासी नंबर आणि इंजिन नंबर यांच्यावर तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर लावायचा नाही. डिझेलच्या फडक्यानं पुसा, पेन्सिलीनं कागदावर ठसा घ्या, फोटो काढा आणि वर ग्रीस चोपडून टेप लावा.

शेड वाळली की ट्रक चिंचेखालून आत आणायचा. इंजिन बहुतेक जाम असेल, तेव्हा आधी प्रॉपेलर शाफ्ट मागच्या बाजूनं सोडा आणि वर बांधून ठेवा. ड्रमला चिकटलेले ब्रेक मोकळे करा. जुन्या टायरांत हवा भरायचा प्रयत्न करू नका. गाडी उचलून भाड्यानं आणलेली चांगली चाकं लावा. ट्रॅक्टरनं लोखंडी दांड्यानं ओढा, दोरीनं नको. ब्रेक नसलेला ट्रक उतारावर ट्रॅक्टरवर येतो. एक माणूस स्टिअरिंगवर, आणि दोघं लाकडी उटी (चाकाखाली घालायचे अडसर) घेऊन मागच्या चाकांजवळ, चाकाच्या बाजूनं चालणारे. तोंड दाराकडे करून उभा करा, कारण इंजिन पुढून निघणार आहे आणि गॅन्ट्री तिथे उभी राहणार आहे. मागे भिंतीपर्यंत 6 फूट सोडा. त्या दिवशी एकही नट सोडू नका. चारही बाजूंनी, वरून आणि खालून फोटो काढा आणि वहीच्या पहिल्या पानावर तारीख लिहा.